पाण्यापासून धरलेलं माप

लग्नासाठी समुद्रकाठचं गाव निवडायला माणूस पाठवायचा, तर त्याने निदान समुद्र पाहिलेला असावा, एवढी साधी गोष्ट त्या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही. पाठवले गेले ते पाणसळराव. वय अठ्ठावन्न, धंदा फरशी बसवण्याचा, आणि समुद्राशी ओळख भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चित्रापुरती.

पाणसळराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणसळ म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी. फरशीवर ठेवायची आणि बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट आहे असं समजायचं. इतर लोक खिशाला पेन लावतात, तसे हे वीतभर पाणसळ लावून हिंडायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी माणसांच्या आधी जमिनीकडे बघायचे. एकदा दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर आडवे झाले आणि डॉक्टरांना म्हणाले, "टेबल तुमचं डाव्या अंगाला उतरतंय." डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब पुन्हा एकदा मोजला. मग पाणसळ ठेवून दाखवल्यावर टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला. धंद्यातल्या लोकांनी हे नाव ठेवलं ते उगाच नव्हतं. पाणसळरावांनी बसवलेल्या फरशीवर लिंबू ठेवलं तर ते जागचं हलत नाही, असं ठेकेदार गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, बाथरूममध्ये नळाजवळ, एक फरशी दोन वर्षं हलत होती.

बायको सांगायची, "अहो, ही हलतेय."

"उद्या बसवतो."

हा उद्या दोन वर्षं चालला. आळस म्हणावा तर तसंही नव्हतं. दिवसभर लोकांच्या जमिनींवर गुडघे टेकून आलेल्या माणसाला घरी पुन्हा गुडघे टेकायचं जिवावर यायचं. मग एका सकाळी बायको त्याच फरशीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, स्क्रू बसले. ती दवाखान्यात असतानाच पाणसळरावांनी घरी येऊन ती फरशी उचलली, खालची वाळू सारखी केली आणि नवी बसवली. चाळीस मिनिटांचं काम होतं. ते उरकल्यावर तिथेच ओल्या सांध्यांकडे बघत बसले आणि चांगले हमसून हमसून रडले.

बायको घरी आली, वॉकर टेकत बाथरूमच्या दारापर्यंत गेली, खाली बघितलं आणि म्हणाली, "बसवलीत वाटतं."

बस, एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर पाणसळरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण ती बोललीच नाही. फक्त त्या दिवसापासून तिने चालताना कुणाचा हात घेणं सोडलं. लेकीने हात पुढे केला तर "नको गं, जमतंय मला" म्हणायची. नवऱ्याने केला तर तेवढंही म्हणायची नाही, बघितलंच नाही असं करून पुढे जायची. चौदा महिने ती घराबाहेर पडली नाही.

अशात लेकीचं लग्न ठरलं. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची आणि ठरलेला जावई शेजारच्या टेबलावर तेच करायचा. एकमेकांचं काही दिसायचं राहिलं असेल अशी भीती नव्हती. लेकीचं म्हणणं होतं की लग्न आपल्याच गल्लीतल्या हॉलमध्ये करू, आईला चार पावलंच चालावं लागेल.

"इथे नको," आई म्हणाली. "इथल्या बायका तुझ्याकडे बघणार नाहीत, माझ्या पायाकडे बघतील. आणि घरी जाऊन चुकचुकतील. लांब कुठेतरी करा. समुद्रावर करा. हल्ली करतात की सगळे."

लेकीला मनातून तेच हवं होतं, फक्त आईमुळे ती बोलत नव्हती. तिने लगेच फोन काढून फोटो दाखवायला सुरुवात केली. पण आईचं बोलणं संपलं नव्हतं.

"एक सांगून ठेवते. लग्न लागेल तिथपर्यंत मी माझ्या पायांनी येणार, वॉकर घेऊन. कुणी धरायचं नाही आणि खुर्चीत घालून न्यायचं नाही. जमण्यासारखं नसेल तर मी खोलीत बसेन, तुम्ही उरकून घ्या."

ती बोलते ते करते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून गाव बघायला पाणसळराव निघाले. जमिनीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळणार! लेकीने तीन गावांची यादी दिली. त्यांनी पिशवीत टेप, दोरी, वही आणि एक सदरा घेतला. पाणसळ खिशाला होतीच. आणि मनात एकच गोष्ट होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नाही: ही एक जमीन तरी तिच्यासाठी बिनचूक निघाली पाहिजे.

पहिल्या गावातला किनारा कड्याखाली होता. खाली उतरायला एकशे बारा पायऱ्या आणि एकीची उंची दुसरीसारखी नाही. पाणसळरावांनी वरूनच वहीत फुली मारली. दुसऱ्या गावातल्या हॉटेलने दालनभर आरशासारखी गुळगुळीत फरशी घातली होती. व्यवस्थापक मोठ्या कौतुकाने ती दाखवत होता.

"ही कुणी सुचवली?" पाणसळरावांनी विचारलं.

"आमच्या मालकांनी."

"ते कधी ओल्या पायांनी इथून चाललेत का?"

व्यवस्थापक हसला. वहीत दुसरी फुली पडली.

तिसऱ्या गावात ते सकाळी अकराच्या सुमाराला पोचले. नारळांच्या रांगेमागे एक जुनं बैठं घर होतं. त्यातल्या सात खोल्या पाहुण्यांना भाड्याने मिळायच्या, मागे लांब व्हरांडा, व्हरांड्याला दोनच पायऱ्या आणि त्या चक्क एकसारख्या. घरमालकीण साठीची, कमी बोलणारी बाई. तिने किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन खोल्या दाखवल्या आणि व्हरांड्याकडे बोट केलं. "पुढे समुद्र आहे," म्हणाली. जणू त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नसतं.

पाणसळरावांनी पायऱ्या उतरून बघितलं. सुरुवातीला आठ-नऊ फूट भुसभुशीत वाळू होती आणि तिथून पुढे जी ओली, करडी, सपाट वाळू लागली ती थेट पाण्यापर्यंत. त्यांनी तिच्यावर टाच आपटली. टाच रुतली नाही. अंगठा दाबला, अंगठाच दुखला. मग गुडघे टेकून पाणसळ ठेवली. बुडबुडा मधल्या रेघेला जवळजवळ चिकटून उभा. पाणसळरावांच्या अंगावर काटा आला. अठ्ठावीस वर्षं ते पोत्यांनी वाळू ओतून, भिजवून, ठोकून जे करत आले होते, ते इथे कुणीतरी फुकटात करून ठेवलं होतं, आणि तेही असं की ठेकेदार नाव ठेवू शकला नसता.

आता फरशीवाल्याची एक पद्धत असते. कामाला हात घालण्याआधी एक पक्की कड धरायची. भिंत म्हणा, उंबरा म्हणा, जे हलणार नाही ते. तिथून दोरी ताणायची आणि सगळी मापं त्या कडेपासून घ्यायची. पाणसळरावांनी इकडे तिकडे बघितलं. समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखी सरळ अशी एकच कड होती. ती त्यांनी धरली. वहीत लिहिलं: पाण्यापासून वीस फुटांवर लग्न. पाण्यापासून तीस फुटांवर खुर्च्या. पायरीपासून कडक वाळूपर्यंत नऊ फूट, त्यावर फळ्या टाकणे.

फोनवर लेकीने विचारलं, "बाबा, सूर्यास्त कसा दिसतो तिथून?"

"मी अकराला आलोय, सूर्य डोक्यावर आहे. जमीन मात्र अशी आहे की तुझी आई नाचेल."

"आई नाचली नाही तरी चालेल. तुम्ही नीट बघितलंत ना?"

"इंच इंच," पाणसळराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

घरामागे जाताना त्यांना एक गोष्ट खटकली. स्वयंपाकघराच्या भिंतीशी अंगणातून काढलेल्या जुन्या सिमेंटच्या लाद्या, दीड दीड फुटी, आडव्या एकावर एक रचलेल्या होत्या. लाद्या अशा आडव्या रचल्या की वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात, उभ्या ठेवायच्या असतात. परक्याचं घर, परक्याच्या लाद्या, पण पाणसळरावांना राहवेना. अर्धा तास खपून त्यांनी पंचेचाळीस लाद्या भिंतीला टेकवून उभ्या लावल्या. खालच्या चार तडकल्याच होत्या. मालकीण दारातून बघत होती.

"लग्न किती वाजता?" तिने विचारलं.

"संध्याकाळी पाचला."

"बरं," ती म्हणाली.

दोनच्या बसने पाणसळराव परत निघाले. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

महिन्याने, लग्नाच्या आदल्या दिवशी, चौघं त्या घरी पोचली: नवरा-बायको, लेक आणि जावई. बाकीची चाळीस माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. प्रवासाने बायकोचा पाय सुजला होता, पण चेहरा बरा होता. चौदा महिन्यांनी तिने नवी चप्पल घेतली होती आणि गाडीत दोनदा वाकून तिच्याकडे बघितलं होतं. पाणसळराव तिच्या पुढे पुढे चालत तिला व्हरांड्यापर्यंत घेऊन आले. घड्याळात पाच वाजले होते.

समोर ती कडक वाळू नव्हती. जिथे टाच आपटली होती, अंगठा दाबला होता, बुडबुडा मधोमध उभा राहिला होता, तिथे गढूळ हिरवं पाणी डुचमळत होतं. एक लाट पायरीपुढच्या भुसभुशीत वाळूला लागून परत गेली.

"पूर आलाय का?" पाणसळरावांनी विचारलं.

"भरती आहे," मालकीण म्हणाली. "रोज येते. उद्या पाऊण तास उशिरा येईल."

"मग मला तेव्हा सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला वाटलं माहीत असेल तुम्हाला. समुद्र काय काल आलाय का?"

भरती-ओहोटी हे शब्द पाणसळरावांना ठाऊक नव्हते असं नाही. पण ते शाळेच्या पुस्तकातले शब्द. दोरी हातात घेतल्यावर डोकं धंद्याचं चालतं, आणि धंद्यात कड हलत नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी धरलेली एकही कड जागची उठून चालू लागली नव्हती.

लेकीने आधी कपाळाला हात लावला, मग आईकडे बघून तो पटकन खाली घेतला. सकाळी लग्न लावावं तर नोंदणीचे अधिकारी पाचच्या आत येऊ शकत नव्हते. व्हरांड्यात करावं तर तिथे दहा माणसं उभी राहिली की अकराव्याने खाली पडायचं. कोरडी जागा एकच होती, उजवीकडे नारळांच्या सावलीत. तिथे चाळीस खुर्च्या मावल्या असत्या. पण पायरीपासून तिथपर्यंत बत्तीस फूट वाळू होती, पिठासारखी भुसभुशीत, आणि सांगून ठेवलेल्या फळ्या नऊ फुटांपुरत्याच होत्या. बायकोने एकदाच वॉकरचा पाय तिच्यावर टेकवून बघितला. तो सरळ आत गेला.

"काकू, उद्या आम्ही चौघं मित्र मिळून तुम्हाला खुर्चीसकट उचलतो," जावई म्हणाला. मनाने चांगला मुलगा.

"मी काय कपाट आहे?"

"तसं नाही काकू..."

"मी खोलीत बसेन. खिडकीतून दिसतं सगळं." तिने वॉकर वळवला. नवऱ्यावर चिडली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. जाता जाता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी उगाच चप्पल घेतली."

पाणसळरावांना ते बाथरूमच्या फरशीपेक्षा जास्त लागलं. फरशीची चूक निदान न करण्याची होती. ही तर त्यांनी जीव लावून, इंच इंच मोजून केली होती.

सकाळी सहाला ते व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. रात्रीत आलेलं पाणी परत निघालं होतं आणि मागे तीच ती कडक वाळू सोडून चाललं होतं. पाणसळराव तिच्याकडे रागाने बघत होते. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की ही वाळू काही वेगळी नाही. पायरीजवळची भुसभुशीत वाळूच ती, फक्त भिजलेली आणि ठोकलेली. आणि वाळू भिजवून ठोकण्याशिवाय आपण आयुष्यभर दुसरं केलंय काय?

ते उठले आणि जावयाच्या खोलीचं दार वाजवलं.

"काका? काय झालं?"

"लाद्या वाहायच्यात."

"आज माझं लग्न आहे," जावई अर्धवट झोपेत म्हणाला.

"म्हणून तर सहाला उठवलं."

या वेळी पाणसळरावांनी खालच्या पायरीची कड धरली. दोनदा हलवून बघितली आणि मगच धरली. तिथून नारळांपर्यंत दोन दोऱ्या ताणल्या, तीन फुटांच्या अंतराने, म्हणजे वॉकर आरामात मावेल. दोऱ्यांमधली वाळू उकरली, समुद्राचं पाणी बादल्यांनी आणून ओतलं, मालकिणीच्या सरपणातला एक जाड ओंडका उभा धरून ती ठोकली. पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. जावई लाद्या आणत होता. विसाव्या लादीनंतर त्याचं बोलणं बंद झालं आणि तिसाव्यानंतर तो लाद्यांना नावं ठेवू लागला. दहाला लेक बाहेर आली, होणाऱ्या नवऱ्याचा अवतार बघितला. केस बांधले आणि दुसरी बादली उचलली.

एका ओळीत दोन, अशा एकवीस ओळी. बेचाळीस लाद्या लागत होत्या आणि धड होत्या एक्केचाळीस. उरलेल्यांतली कमी तडकलेली एक पाणसळरावांनी अगदी शेवटच्या ओळीत डावीकडे घातली. तिच्याखाली वाळू दाबून भरली, पाणसळ ठेवली, बुडबुडा आला मधोमध. दुपारी दोन वाजता पाहुण्यांची गाडी आली तेव्हा नवरदेव नळाखाली डोकं धरून उभा होता.

बायकोच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच बाजूला होती. ती सकाळपासून तिथे बसून होती, म्हणजे तिने सगळं बघितलं असणार. पण पाणसळराव अंघोळ करून आत गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कोपराला वाळू लागलीय." त्यांनी ती पुसली. चला म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

पाच वाजता पाणी पायरीजवळ आलं होतं. अधिकारी कागद घेऊन नारळांखाली उभे होते, खुर्च्या भरल्या होत्या, लेक आणि जावई समोर उभे होते आणि लेकीची नजर व्हरांड्याकडे होती. बायको दारात आली. नवी चप्पल पायात होती. ती दोन पायऱ्या उतरली आणि तिने वॉकर पहिल्या लादीवर टेकवला. थोडा दाबून बघितला. मग पाऊल टाकलं.

पाणसळराव तिच्या बाजूने, लाद्यांच्या बाहेर, वाळूतून चालत होते. हात दोन्ही मागे बांधलेले, कारण पुढे ठेवले तर ते आपोआप तिच्याकडे गेले असते. तिसरी ओळ झाली, दहावी झाली. वॉकरचे रबरी पाय लाद्यांवर टेकल्याचा आवाज आणि मागे पाण्याचा. पंधराव्या ओळीला ती दम घ्यायला थांबली, पदराने कपाळ टिपलं आणि पुन्हा निघाली. एकोणीस. वीस. तिने वॉकर शेवटच्या ओळीवर ठेवला, डावं पाऊल टाकलं, आणि थांबली.

"अहो," ती म्हणाली, "ही हलतेय."

तेच शब्द, तोच आवाज. चाळीस माणसांना त्यात काही कळलं नाही. पाणसळरावांना मात्र कळलं. तिने पाऊल मागे घेतलं होतं. पुढे हातभरावर तिची खुर्ची होती, ती लादी टाळून उजवीकडूनही जाता आलं असतं. पण ती गेली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, चौदा महिन्यांत पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे.

"बसवतो," पाणसळराव म्हणाले.

"कधी?"

"आत्ता."

ते इस्त्रीच्या कपड्यांनिशी वाळूत गुडघ्यांवर बसले. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, लेकीने त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. पाणसळरावांनी लादी उचलली. खाली एका कोपऱ्यात पोकळी झाली होती. त्यांनी दोन्ही हातांनी वाळू ओढून भरली, कुणीतरी पुढे केलेल्या बाटलीतलं पाणी ओतलं, मुठीने ठोकली, लादी ठेवली. खिशातली पाणसळ काढून तिच्यावर टेकवली आणि वाट बघत राहिले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे बुडबुडा त्यांना नीट दिसेना.

खांद्यावर वजन आलं. बायकोने वॉकरवरचा एक हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला होता, सगळा भार टाकून, आणि वाकून तीही बघत होती.

"मधोमध आहे," ती म्हणाली. "उठा आता."